सांगून ऐकत नाहीत, मग समुपदेशनाने मधुमेहींचं खाणं कसं बदलेल?

डिचोलीहून एका सुनेने विचारलं आहे: "सासरे ६१ वर्षांचे आहेत, मधुमेह बराच जुना आहे. परवा एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ९.४ आलं. गोळ्या वेळेवर घेतात, पण दोन्ही वेळा ताटभर शीत (भात), सकाळी मित्रांबरोबर हॉटेलात पाव-भाजी आणि साखरेचा चहा. काय खावं आणि काय टाळावं हे त्यांना तोंडपाठ आहे. घरात रोज यावरून वाद होतात. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे न्यायला सांगितलं आहे. घरच्या चार माणसांनी सांगून जे होत नाही, ते पाचव्याने सांगून कसं होईल?"

पाचव्यानेही सांगितलंच तर काही होणार नाही, हे तुमचं बरोबर आहे. ते येतील, मान डोलावतील, घरी जाऊन तेच जेवतील. पण ज्याला प्रेरणात्मक समुपदेशन म्हणतात त्यात समुपदेशक सांगत कमी असतो. खाणं का बदलायचं, हे त्या माणसाच्याच तोंडून यावं, अशा रीतीने तो बोलणं चालवतो. ते नीट झालं तर फरक पडतो. मी स्वतः आहारतज्ज्ञ आहे, फोंडा भागात बरीच वर्षं हेच काम करते आहे, आणि या पद्धतीवर माझा विश्वास आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. तुमच्या घरात काही जगावेगळं चाललेलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त निघालं. आपल्याकडे दर चार प्रौढांमागे एक. डिचोलीच्या बाजारात ज्या टेबलावर तुमचे सासरे पाव-भाजी खातात, तिथे ते एकटेच मधुमेही नसणार.

आता वादाबद्दल. सासऱ्यांना माहिती कमी पडत नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्यांची दोन मनं आहेत. एका मनाला पायांची, डोळ्यांची भीती वाटते. दुसऱ्या मनाला दुपारी हुमण-शीत (माशांचं कालवण आणि भात) हवं असतं, सकाळचे मित्र हवे असतात आणि आयुष्यभर कमावून उतारवयात आपल्या ताटावर आपला हक्क हवा असतो. तुम्ही घरचे सगळे मिळून भीतीच्या बाजूने बोलता. मग दुसऱ्या बाजूने बोलायला कोण उरतं? तेच. "शीत कमी करा" म्हटलं की त्यांच्या तोंडून येतं, "माझा बाप ऐंशी वर्षं जगला, तीन वेळा शीत खाऊन." "पाव बंद करा" म्हटलं की येतं, "एवढंही खायचं नाही तर जगायचं कशाला?" असं रोज घडत राहिलं की रोज ते स्वतःच्याच तोंडून शीत खाण्याची कारणं ऐकत राहतात. माणूस दुसऱ्याचं ऐको न ऐको, स्वतः बोललेलं मात्र त्याला खरं वाटू लागतं. तुमच्या वादाने त्यांचा हट्ट घटत नाही, दर वेळी पक्का होतो.

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट दारू पिणाऱ्यांच्या बाबतीत हेरली आणि १९८३ मध्ये पहिल्यांदा मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर त्यांनी तिची पद्धत बांधली, आणि ती मधुमेह, धूम्रपान, औषधं नियमित घेणं अशा अनेक ठिकाणी वापरली जाऊ लागली. गोव्यात हे नवीन नाही. संगाथ या आपल्याकडच्या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, अपायकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी याच पद्धतीवर आधारलेलं थोड्या भेटींचं समुपदेशन तपासून पाहिलं. ते देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि समुपदेशन मिळालेल्यांत दारू आटोक्यात येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. शीत आणि दारू एक नव्हे. पण 'कळतं, तरी सुटत नाही' ही अवस्था दोन्हीकडे ओळखीची आहे.

प्रत्यक्षात काय घडतं ते एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणांचे तपशील एकत्र केले आहेत. बोलणं कोकणीतून झालं होतं, इथे मराठीत लिहिते.

सत्तरीतले एक गृहस्थ. खाणी चालू होत्या तेव्हा स्वतःचा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, कर्जात ट्रक गेला, आता गावात छोटं दुकान आहे. दिवसभर बसून काम. खुर्चीत टेकले आणि पहिलंच वाक्य असं: "बाय, शीत सोडायला तेवढं सांगू नका. बाकी काय ते सांगा."

मी म्हटलं, "शीत नसलं तर जेवल्यासारखं वाटत नाही."

"तेच तर! आई शेतातून आली की पेज द्यायची. दुपारी हुमण-शीत. त्याच्यावरच वाढलो. चपाती खाऊन माझं पोट भरतं, मन भरत नाही."

"म्हणजे हे नुसतं पोटापुरतं नाही."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण हल्ली जेवलं की डोळे मिटतात. दुकानात बसल्या बसल्या झोप लागते. परवा गिऱ्हाईक हाका मारत होतं, मला पत्ता नाही."

हे शेवटचं वाक्य मी विचारलेलं नव्हतं. शीताच्या विरुद्ध मी ताण दिला नाही, उलट ते काय म्हणतात ते समजून परत बोलून दाखवलं, म्हणून त्यांना दुसऱ्या मनाचं बोलायला जागा मिळाली. इथे नवखा समुपदेशक लगेच उडी घेतो: "बघा, साखर चढते म्हणूनच झोप येते, तेव्हा भात कमी करा." तसं केलं की ते पुन्हा शीताची बाजू घेणार. मी एवढंच विचारलं, "आणखी काय काय जाणवतं?" मग तळपायांना मुंग्या येतात हे आलं. त्यांच्या आईलाही मधुमेह होता आणि शेवटी तिचं पाऊल कापावं लागलं होतं, हे आलं. दहा-पंधरा मिनिटांत माझं काही सांगून झालं नव्हतं, तरी पाय, झोप, आई अशी खाणं बदलण्याची सगळी कारणं त्यांनी स्वतः मांडली होती. त्यांत माझं एकही नव्हतं.

नंतर मी एक प्रश्न विचारते, तो तुम्हालाही उपयोगी पडेल. "शीत कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा, आकडा सांगा."

"पाच."

"पाच का? दोन का नाही?"

"दोन कसं असेल? नात आहे दोन वर्षांची. संध्याकाळी तिचा हात धरून देवळापर्यंत चालत जातो. माझं आईसारखं झालं तर तिला कोण नेणार?"

प्रश्न 'दहा का नाही' असा विचारला असता तर त्यांनी अडचणींची यादी दिली असती. 'दोन का नाही' विचारलं की माणूस बदलाच्या बाजूची कारणं शोधतो. एवढा छोटा फरक, पण मी तो फार जपते. पुढचा प्रश्न: "आणि जमेल असं कितपत वाटतं?" ते म्हणाले, "तीन." म्हणजे महत्त्व पाच, भरवसा तीन. अशा वेळी 'शीत अर्धी वाटी' असा तक्ता हातात दिला तर तो नक्की फसणार. भरवसा तीन असताना झेपेल असंच पाऊल निवडावं लागतं, आणि निवडायचं त्यांनी. त्यांनी रात्रीचं जेवण निवडलं. "दुपारला हात लावू नका. रात्रीचं मी बघतो. तीन डाव घेतो, एक घेईन."

मग मी विचारलं, "पेजेबद्दल मला एक माहीत आहे, सांगू का?" ते हो म्हणाले तेव्हाच सांगितलं. तांदूळ जितका मऊ, जितका फुटेपर्यंत शिजतो, तितकी त्यातली साखर लवकर रक्तात उतरते. उकड्या तांदळाचं शीत सुऱय (न उकडलेल्या) तांदळाच्या भातापेक्षा थोडं सावकाश साखर चढवतं, त्यात ब-जीवनसत्त्वंही जास्त राहतात. पण त्याचीच गिजगिजीत पेज केली की हा फायदा बराचसा जातो. सांगून झाल्यावर विचारलं, "यावरून तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "म्हणजे रात्री हलकं म्हणून पितो, तेच चढतं?" आता हा निष्कर्ष त्यांचा झाला. आधी विचारायचं, परवानगी घेऊन थोडं सांगायचं, पुन्हा विचारायचं. माहिती द्यायचीच असते, पण अशी द्यायची की ती त्यांच्या हाती राहील.

तक्त्यांबद्दल मला राग आहे, तो इथेच सांगून टाकते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या खिशात घडी घातलेला तक्ता असतो. त्यात दुपारी दोन चपात्या, दलिया, ओट्स, पनीर. आपल्या किती घरांत दुपारी चपाती होते? नुस्त्यांच्या (माशांच्या) हुमणाबरोबर चपाती खायची ही कल्पनाच इथल्या माणसाला परकी आहे. दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेला कागद पाळता आला नाही, आणि 'रुग्ण सहकार्य करत नाही' असा शेरा मात्र त्याच्यावर बसला. गोव्याच्या घरात काय आहे ते पाहा: अळसांदे, कुळीथ, वाल, मूग, तांबडी भाजी, मुळ्याची भाजी, दोडकी, भेंडी, आणि ताजे बांगडे-तारले. मधुमेहाला चालणारं ताट यातून सहज लागतं. अर्धं ताट भाज्यांचं, पाव भाग नुस्तें किंवा कडधान्य, आणि उरलेल्या पाव भागात शीत. बांगडा रव्यात घोळून तेलात तळण्याऐवजी मसाला लावून तव्यावर भाजला तरी चव जात नाही. खतखत्याला (मिश्र भाज्या-कंदांच्या कालवणाला) भाजी समजू नका. त्यातले कणंग, सुरण, माडी हे कंद शीताच्याच हिशेबात धरावे लागतात. आणि पोदेर (पाववाला) सकाळी पोयी हा पाव आणतो तेव्हा ती खरोखर कोंड्याच्या पिठाची आहे की मैद्याच्या गोळ्याला वरून कोंडा लावलेला आहे, हे फोडून पाहा.

त्या गृहस्थांना मी ग्लुकोमीटर घेऊन स्वतःच पाहायला सुचवलं. जेवायच्या आधी एकदा आणि जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी एकदा. आधी नेहमीच्या जेवणावर, मग बदललेल्या जेवणावर. जेवणानंतरची साखर साधारण १८० च्या आत राहावी असं आपण धरतो. पेजेच्या रात्री त्यांना २६० च्या पुढचा आकडा दिसला. भाजी आणि बांगडा आधी आणि शेवटी एक डाव शीत घेतलं त्या रात्री आकडा २०० च्या खाली आला. मला फोन करून त्यांनीच सांगितलं, आवाजात आनंद होता. माझ्या किंवा डॉक्टरांच्या शब्दावर विसंबून राहायची त्यांना गरज उरली नाही. महिन्याभराने दुपारच्या शीताची गोष्ट त्यांनीच काढली.

दुसऱ्या भेटीला मी शक्यतो रांधणाऱ्या माणसाला बोलावते, कारण ताट एकट्याचं नसतं. आपल्याकडे अजून बहुतेक घरांत वाढणारी बायको असते आणि आग्रह करून वाढणं हीच तिची माया. या गृहस्थांची बायको म्हणाली, "मी कमी वाढलं तर राग माझ्यावर. जास्त वाढलं तर डॉक्टर मला बोलतात. मी करू काय?" तिचीही दोन मनं होती, आणि तोवर तिचं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. तिने स्वतः मार्ग काढला. टोप जेवायच्या जागी आणायचाच नाही, आतूनच वाढून आणायचं. भाजी आधी वाढायची, आणि ती अर्धी खाऊन होईपर्यंत शीत आणायचं नाही. असा मार्ग मी सुचवला असता तर तो आठवडाभर टिकला असता. तो तिचा होता म्हणून टिकला.

तुमच्या सासऱ्यांच्या पाव-भाजीबद्दलही एक सुचवते. हॉटेलात ते पावासाठी जातात की माणसांसाठी, हे कुणी त्यांना विचारलं आहे का? निवृत्त माणसाला सकाळची ती तासाभराची बैठक म्हणजे वर्तमानपत्र, राजकारण, गावातल्या बातम्या, सगळं असतं. ती बंद करायला सांगणं म्हणजे त्यांचं जग बंद करणं. तीच बैठक, पण पातळभाजी एका पावाबरोबर आणि चहा बिनसाखरेचा, असं त्यांना सुचू शकतं. किंवा वेगळंच काही सुचेल. मला मिळालेले बरेच चांगले उपाय रुग्णांनी सुचवलेले आहेत.

माणूस घसरतो, हेही धरून चालावं लागतं. आपल्याकडे त्याला मुहूर्त असतो: चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. नेवऱ्या, पातोळ्या, मोदक, मणगणें, शेजारून येणारी ताटं. शिवाय जत्रेचं खाजें. त्या दिवसांत गोड खाऊच नका असं मी कुणालाही सांगत नाही. देवाच्या नैवेद्याला नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि तसं मी म्हणणारही नाही. चवथीच्या आधीच्या भेटीत मी विचारते, "यंदा चवथीचं कसं करायचं ठरवलंय?" कुणी म्हणतं, दिवसाला एक नेवरी, तीही शीताऐवजी. कुणी म्हणतं, पहिला दिवस मोकळा, मग नाही. ज्याचं त्याने ठरवायचं.

खरी कसोटी नंतरच्या भेटीत असते. मार्दोळकडच्या एक बाई चवथीनंतर दोन महिने फिरकल्याच नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, मीटर कपाटात ठेवून दिलं होतं, आकडा बघायची लाज वाटत होती. एवढी लाज त्यांना कशाने वाटली असेल? "किती खाल्लंत?" हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं ऐकला होता, घरी आणि दवाखान्यात. ओरडा बसेल म्हणून माणूस आकडा लपवतो, वही लपवतो, शेवटी स्वतः लपतो. मी विचारलं, "चवथीच्या दिवसांत काय जमलं?" त्यांना दोन गोष्टी आठवल्या. रोज चालणं चुकलं नव्हतं आणि चहात साखर परत आली नव्हती. तिथून पुन्हा सुरुवात करता आली. दोषी वाटणाऱ्या माणसाकडून मोठं काम होत नाही. थोडं तरी जमतंय असं वाटणाऱ्याकडून होतं.

याचा पुरावा किती, असं तुमचे डॉक्टर विचारतील. थोडक्यात आणि खरं सांगायचं तर तो मिश्र आहे. काही अभ्यासांत या पद्धतीने एचबीए१सी उतरलं, काहींत फरक दिसला नाही. खाण्याच्या सवयी आणि वजन यांत सुधारणा होते, पण ती साधारणच असते. समुपदेशकाचं प्रशिक्षण आणि भेटींचं सातत्य यांवर पुष्कळ अवलंबून आहे. खाणं आणि चालणं बदलल्याने काय साधतं, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात, २००२ मध्ये, जीवनशैली बदलणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतातल्या अभ्यासात, २००६ मध्ये, ते २८.५ टक्क्यांनी कमी झालं. हे आकडे सासऱ्यांपेक्षा तुमच्या यजमानांच्या जास्त उपयोगाचे आहेत. वडिलांना मधुमेह असलेल्या मुलाला धोका जास्त असतो. घरातलं ताट बदललं तर त्याचा पहिला फायदा कदाचित त्यांनाच होईल. त्यांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

आता काळजीच्या गोष्टी. यांत काही गाळू नका.

सासरे ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील आणि त्यांनी शीत एकदम कमी केलं, तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. म्हणून खाण्यात बदल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो. श्रावणातले सोमवार, एकादशी, रिकाम्या पोटी संध्याकाळची फेणी, हे सगळे साखर उतरण्याचे प्रसंग आहेत. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८ ला फोन करा. आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे उपवासच नव्हे, तो जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे, हे लक्षात असू द्या.

मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर वर लिहिलेलं कडधान्य आणि नुस्त्याचं प्रमाण त्यांना तसंच चालेल असं नाही. ते डॉक्टरांना विचारून ठरवा. ९.४ या आकड्याला केवळ बोलण्यावर विसंबून राहता येत नाही. औषधं वाढवायची गरज असेल तर ती वाढवावी लागतील. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, पायांची तपासणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा झालीच पाहिजे. समुपदेशन या सगळ्याच्या जोडीने असतं, त्याऐवजी नाही.

काही वेळा बोलणं पुढे सरकतच नाही. त्यामागे वेगळं कारण असतं. पुष्कळ वयस्क माणसं पेज-शीतच का खातात, तर दात नसतात म्हणून. कवळी नीट बसवली की भाजी, मोड आलेले मूग खाता येतात. त्यांना प्रेरणा नव्हे, दंतवैद्य हवा असतो. कुणाला मनाचं आजारपण असतं. झोप नाही, कशात रस नाही, जेवणातच तेवढा दिलासा. तिथे आधी नैराश्याचा उपचार. कुणी रात्री ढोसून येतो आणि मग काहीही खातो. तिथे आधी दारूकडे पाहावं लागतं. सासऱ्यांच्या बाबतीत यातलं काही आहे का, हे तुम्ही नजरेखालून घाला.

भेटीची वेळ मिळेपर्यंत घरात काय करायचं? एक गोष्ट थांबवा, ती म्हणजे पहारा. तुम्ही सून आहात. सासऱ्यांच्या ताटावर लक्ष ठेवण्याचं काम तुमच्या नात्याला झेपणारं नाही, ते तुमच्याकडे कुणी देऊ नये आणि तुम्ही घेऊ नये. "बाबा, एवढं शीत?" याऐवजी "बाबा, आज तांबडी भाजी आणि अळसांदे दोन्ही केलंय, आधी काय वाढू?" असं विचारून पाहा. निवड त्यांची राहू द्या. त्यांनी आपणहून काही कमी केलं तर "शेवटी पटलं ना?" असं कुणी म्हणू नये, हे यजमानांना आणि सासूबाईंना आधी सांगून ठेवा. त्या एका वाक्याने आठवडाभराचं काम पुसलं जातं. "आज दुपारी झोप आली नाही वाटतं" एवढं म्हटलंत तरी पुरे, उरलेलं ते बोलतील.

समुपदेशक कसा पारखायचा? पहिल्या भेटीत कोण जास्त बोललं, एवढं सासऱ्यांना विचारा. समुपदेशकच बोलत राहिला असेल आणि पाचव्या मिनिटाला तक्ता हातात पडला असेल, तर दुसरा शोधा. दोन-तीन भेटींत काही झालं नाही म्हणून मात्र सोडू नका. एचबीए१सी गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. आधी झोप, पायांच्या मुंग्या, घरच्या मीटरवरचे आकडे बघा. रक्ताचा अहवाल तीन महिन्यांनी करा.

जाताना चालू गोळ्यांची नावं, जुने अहवाल आणि मीटर घरी असेल तर तोही न्या. त्यांना नेताना "तुमचं खाणं सुधारायला नेतोय" असं म्हणू नका. डॉक्टरांनी एकदा बोलून घ्यायला सांगितलंय, एवढंच सांगा. पहिल्या भेटीत तुम्ही बाहेरच बसा. तुम्हाला आत बोलवायचं की नाही, हे सासरे ठरवतील.